‘एल बिएहो इ एल मार’ : एका विशेषणाचं रसग्रहण

इंग्रजीत या कादंबरिकेच्या नावात सहा शब्द आहेत : ‘द ओल्ड मॅन अँड द सी’. स्पॅनिशमध्ये पाचच उरतात : ‘एल बिएहो इ एल मार’. जो शब्द गळला तो ‘मॅन’. तरीही नावातला माणूस कुठे गेलेला नाही. उलट इंग्रजी नावात तो जरा दुरून दिसतो, स्पॅनिश नावात तो दारात येऊन उभा राहतो. हे काम एकट्या ‘बिएहो’ या विशेषणाने केलं आहे. इंग्रजी ‘ओल्ड’साठी स्पॅनिशजवळ निदान पाच-सहा प्रचलित विशेषणं आहेत. त्यांतून नेमकं हेच उचलण्यात भाषेची केवढी जाण आहे, ते पाहणं हा या लेखाचा विषय.

पुस्तकाची हकिकत थोडक्यात. अर्नेस्ट हेमिंग्वे क्युबात, हवानाजवळच्या ‘फिन्का बिहिया’ या घरात अनेक वर्षं राहिला. जवळच्या कोहिमार गावातले कोळी त्याच्या रोजच्या ओळखीचे होते. ही कथा १९५२ च्या सप्टेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात संपूर्ण छापली गेली आणि त्याच महिन्यात पुस्तकरूपानेही आली. १९५३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं, १९५४ मध्ये हेमिंग्वेला नोबेल. नोबेलचं पदक त्याने क्युबातल्या एल कोब्रे इथल्या मेरीमातेच्या देवस्थानाला अर्पण केलं. त्याच मातेची तसबीर कथानायक सान्तियागोच्या झोपडीतही आहे. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला हा कोळी एकटाच खोल दर्यात जातो, आपल्या होडीहून लांब असा मार्लिन गळाला लावतो, तीन दिवस झुंजतो, जिंकतो आणि परतीच्या वाटेवर शार्कना सारं गमावतो.

स्पॅनिश अनुवाद केला लिनो नोबास काल्बो याने, आणि तो १९५३ मध्ये हवानाच्या ‘बोएमिया’ साप्ताहिकात आला. नोबास काल्बो स्पेनच्या गालिसिया प्रांतात जन्मला, लहानपणीच क्युबात आला आणि तिथे नावाजलेला कथाकार झाला. फॉकनरची ‘सँक्च्युअरी’ १९३४ मध्येच त्याने स्पॅनिशमध्ये नेली होती. म्हणजे अनुवादक हा गोष्टीच्या गावचा, तिथल्या बोलीत मुरलेला माणूस होता. हे महत्त्वाचं अशासाठी, की या पुस्तकातली सगळी पात्रं मुळात स्पॅनिशमध्येच बोलतात. हेमिंग्वेने ते बोलणं मनात ऐकून इंग्रजीत उतरवलं. अनुवादकाला ते परत त्याच्या घरी पोचवायचं होतं.

आता विशेषणांकडे वळू. इंग्रजीत ‘ओल्ड’ हा एकच शब्द सगळीकडे हिंडतो. माणूस ओल्ड, मित्र ओल्ड, किल्ला ओल्ड, कालची भाकरी ओल्ड, थोरल्या भावाचं थोरलेपणही त्याच शब्दाच्या रूपात. मराठी माणसाला ही उधळण चमत्कारिक वाटायला हवी, कारण आपण असं कधी करत नाही. आपल्याकडे माणूस म्हातारा, मित्र जुना, शिलालेख प्राचीन, भाकरी शिळी, धोतर जीर्ण, लोणचं मुरलेलं, भाऊ थोरला आणि मंत्री माजी. ‘म्हातारं लोणचं’ किंवा ‘शिळा भाऊ’ असं तीन वर्षांचं मूलसुद्धा म्हणणार नाही. कोणत्या विशेषणाला कोणतं नाम झेपतं, हे आपल्या कानाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं.

स्पॅनिशचा कानही असाच तयार आहे, फक्त तिच्या वाटण्या वेगळ्या आहेत. शीर्षकात शक्य असलेलं एकेक विशेषण त्या जागी बसवून पाहिलं, की निवड किती अचूक होती ते कळतं.

पहिलं ‘आन्सिआनो’. अर्थ वृद्ध. हे केवळ माणसाच्याच वयासाठी वापरतात, त्यामुळे घोटाळ्याची शक्यता शून्य. कोशात पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हेच सर्वांत सुरक्षित वाटेल. पण ‘आन्सिआनो’ला आदराची इस्त्री आहे. बातमीत, सरकारी कागदात, वृद्धाश्रमाच्या पाटीवर आणि प्रवचनात तो शोभतो. मराठीत ‘वृद्ध’ हा शब्द जसा छापून येतो पण घरात कोणी उच्चारत नाही, तसंच. ‘एल आन्सिआनो इ एल मार’ असं नाव असतं, तर आपण त्या माणसाकडे अंतर राखून, जरा कणव बाळगून पाहिलं असतं. सान्तियागोला तर कणव नको आहे. त्याला कॉफी हवी आहे, आमिषासाठी ताज्या सार्डिन हव्या आहेत आणि गप्पा मारायला मानोलिन हा पोरगा हवा आहे.

दुसरं ‘मायोर’. मूळ अर्थ ‘अधिक मोठा’. थोरला भाऊ तो ‘एर्मानो मायोर’. वयस्कर व्यक्तीला आज सभ्यपणे ‘पेर्सोना मायोर’ म्हणतात, आपण ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणतो त्या चालीवर. हा शब्द कोणाला दुखवत नाही, आणि म्हणूनच साहित्यात तो फिका पडतो. कोणालाच खुपायचं नाही असं ठरवून आलेलं विशेषण चौऱ्याऐंशी दिवसांच्या उपासाचं ओझं पेलू शकत नाही.

तिसरं ‘आन्तिग्वो’. प्राचीन, पुरातन, इतिहासाच्या खात्यातलं. रोमन पूल आन्तिग्वो, हस्तलिखित आन्तिग्वो, आणि बायबलचा जुना करार ‘आन्तिग्वो तेस्तामेन्तो’. हेच विशेषण नामाच्या आधी आणलं, की पुष्कळदा ‘माजी’ असा अर्थ होतो : ‘आन्तिग्वो आलुम्नो’ म्हणजे माजी विद्यार्थी. सान्तियागोला हे लावलं तर तो पुराणवस्तू होईल किंवा माजी कोळी होईल. माजी तर तो मुळीच नाही. माजी व्हायला त्याने दिलेला नकार हाच त्या कथेचा कणा आहे.

चौथं ‘आन्येहो’. हे मला फार आवडणारं विशेषण. रम, वाइन, चीज, जुन्या चालीरीती यांना लागतं. काळाने बिघडवलेलं नव्हे, काळाने घडवलेलं, असा त्याचा भाव. आपलं ‘मुरलेलं’ त्याच्या सर्वांत जवळचं. क्युबाच्या रमच्या बाटल्यांवर ते आजही छापलेलं असतं. सान्तियागोच्या कसबाला ते शोभेल, सान्तियागोला नाही. माणसाला हे विशेषण लावलं की माणूस पिंपात जातो.

उरला ‘बिएहो’. याच्यात वरच्या साऱ्यांतलं थोडं थोडं आहे. माणूस बिएहो, होडी बिएहा, शीड बिएहा, शर्ट बिएहो. पिठाच्या गोणपाटाची ठिगळं लावलेलं ते शीड आणि तशीच ठिगळं लागलेला तो शर्ट आठवा. मराठीत आपल्याला माणसासाठी ‘म्हातारा’ आणि शिडासाठी ‘जुनं’ किंवा ‘जीर्ण’ अशी फोड करावी लागते, आणि फोड केली की माणूस व त्याची चीजवस्तू वेगवेगळ्या खणांत पडतात. इंग्रजीत दोघांना एकच विशेषण चालतं, आणि लेखकाने ती सोय मनापासून वापरली आहे. सुरुवातीच्या वर्णनात वय त्याच्या साऱ्या देहावर पसरलेलं आहे, फक्त डोळ्यांना ते शिवलेलं नाही. ही सलगता जपायची तर स्पॅनिशमध्ये माणसालाही आणि वस्तूलाही चालेल असंच विशेषण हवं. ‘आन्सिआनो’ घेतला असता, तर शिडापाशी येताच शब्द बदलावा लागला असता आणि माणूस व शीड यांचं नातं तुटलं असतं. ‘बिएहो’मुळे ते टिकतं.

या शब्दाचं कूळही पाहण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये जुन्यासाठी ‘वेतुस’ हा शब्द होता. त्याचं लघुत्वदर्शक रूप ‘वेतुलुस’. आपण ‘म्हातारा’चं ‘म्हातारबा’ करतो त्या जातीचं, सलगीचं, कधी थट्टेचंही. लोकांच्या तोंडी त्याचं ‘वेक्लुस’ झालं. ‘अपेंडिक्स प्रोबी’ नावाची एक जुनी यादी आहे. त्या काळच्या कोणा व्याकरणप्रेमीने लोकांचे अशुद्ध उच्चार तिच्यात एकेक करून दुरुस्त केले आहेत. ‘वेतुलुस म्हणा, वेक्लुस नव्हे’ ही दुरुस्तीही तिच्यात आहे. लोकांनी ती ऐकली नाही. त्या ‘चुकीच्या’ रूपातूनच स्पॅनिशचा ‘बिएहो’ आला आणि इटालियनचा ‘वेक्यो’ही. म्हणजे या विशेषणाच्या मुळाशीच बाजारातली, घरातली, चुलीपुढची बोली आहे.

म्हणूनच ते तोंडावर म्हणता येतं. स्पॅनिश बोलणाऱ्या अमेरिकेत ‘मि बिएहो’ म्हणजे अनेक ठिकाणी ‘माझे वडील’. नवराबायको एकमेकांना ‘बिएहो’, ‘बिएहा’ म्हणतात, त्यासाठी केस पांढरे व्हावे लागत नाहीत. मित्र मित्राला ‘बिएहो’ अशी हाक मारतो. आपल्याकडे गावात एखादी आजी ‘आमचा म्हातारा अजून यायचा आहे’ म्हणत उंबऱ्यात वाट पाहते, त्यात जेवढी माया असते तेवढीच या हाकेत. अनोळखी माणसाला मात्र हाच शब्द बोचरा लागू शकतो. मायाही करणारं आणि बोचूही शकणारं असं हे विशेषण आहे. सान्तियागोच्या गावात त्याच्याकडे बघणाऱ्या नजराही अशाच दोन प्रकारच्या आहेत : काही कोळी त्याची थट्टा करतात, जाणत्या कोळ्यांना वाईट वाटतं, आणि पोरगा त्याच्यावर जीव टाकतो. या सगळ्यांच्या तोंडी शोभेल असा एकच शब्द आहे, आणि तोच मुखपृष्ठावर आला.

आता गळलेल्या ‘मॅन’कडे येऊ. इंग्रजीत विशेषणाला एकट्याने नामाच्या खुर्चीत बसता येत नाही. ‘द ओल्ड’ म्हटलं की सगळी वृद्धमंडळी असा अर्थ होतो, म्हणून पुढे माणूस उभा करावा लागतो. स्पॅनिशमध्ये ‘एल’ हे उपपद लागताच विशेषण स्वतःच माणूस होतं. मराठीतही तेच. ‘म्हातारा’ एवढंच पुरे, ‘म्हातारा माणूस’ म्हटलं की वाक्य उगाच लांबतं. ‘एल ओम्ब्रे बिएहो’ असं शब्दशः भाषांतर व्याकरणात बसलं असतं, पण त्यात आधी एक माणूस आला असता आणि मग त्याला वय चिकटवलं गेलं असतं. ‘एल बिएहो’मध्ये वय आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत.

पुस्तकातले कोळी शार्कनाही याच रीतीने ओळखतात, हे पाहिलं की मजा वाटते. एका जातीला ते ‘देन्तुसो’ म्हणतात, म्हणजे मोठ्या दातांचा. दुसरीला ‘गालानो’. सामान्य स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ देखणा, नटलेला. दोन्ही मुळात विशेषणं, दर्यावर नामं झालेली. हेमिंग्वेने हे शब्द इंग्रजीतही स्पॅनिशच ठेवले. दातेरी तो देन्तुसो, नटवा तो गालानो आणि म्हातारा तो बिएहो. समुद्रावरच्या माणसांची नावं ठेवायची ही पद्धत शीर्षकानेही पाळली आहे.

शेजारच्या भाषांकडे नजर टाकली तर निवडीची किंमत अधिक कळते. इटालियन ‘इल वेक्यो ए इल मारे’ आणि पोर्तुगीज ‘ओ वेल्यु इ ओ मार’ या दोघींनीही ‘माणूस’ गाळला. फ्रेंचमध्ये झाँ दुतूरच्या अनुवादाचं नाव ‘ल व्हिएय ऑम ए ला मेर’ असं आहे. तिथे माणूस राहिला, आणि समुद्र स्त्रीलिंगी झाला, कारण फ्रेंचमध्ये समुद्र स्त्रीलिंगीच असतो. स्पॅनिशमध्ये मात्र तिथेही निवड करावी लागते. तिच्याकडे पुढे येतो.

त्याआधी विशेषणाच्या जागेविषयी. मराठीत विशेषण सहसा नामाच्या आधीच येतं, म्हणून या गोष्टीचा आपल्याला सराव नाही. स्पॅनिशमध्ये ते मागे किंवा पुढे बसू शकतं, आणि जागा बदलली की अर्थ हलतो. ‘आमिगो बिएहो’ म्हणजे वयाने म्हातारा मित्र. ‘बिएहो आमिगो’ म्हणजे जुना मित्र, मग तो पंचविशीतला का असेना. मराठी जे काम दोन वेगळ्या शब्दांनी करते, ते स्पॅनिश एकाच शब्दाची बैठक बदलून करते. ‘ओम्ब्रे पोब्रे’ म्हणजे गरीब माणूस, ‘पोब्रे ओम्ब्रे’ म्हणजे बिचारा.

व्याकरणकार आन्द्रेस बेल्यो याने १८४७ मध्ये चिलीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणात यामागचं मर्म सांगितलं आहे. कराकसला जन्मलेल्या या पंडिताने अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी ते व्याकरण मुद्दाम लिहिलं होतं. नामाच्या मागून आलेलं विशेषण निवड करतं, अनेकांतून काहींना वेगळं काढतं. आधी आलेलं विशेषण नामात मुळातच असलेला गुण उलगडून दाखवतं. हे एकदा ध्यानात आलं, की नकाशासुद्धा वाचनीय होतो. हवानाचा जुना भाग ‘ला आबाना बिएहा’, म्हणजे नव्या हवानाहून वेगळा ओळखायचा तो. पोर्तो रिकोच्या राजधानीचा जुना भाग मात्र ‘बिएहो सान हुआन’. तिथे विशेषण पुढे येऊन शहराला जणू जुन्या मित्रासारखी हाक मारतं.

आता ‘मोठा मासा’ घ्या. इंग्रजीत त्या मार्लिनला कधी ‘बिग’, कधी ‘ग्रेट’ म्हणता येतं. स्पॅनिशमध्ये दोन्हींसाठी ‘ग्रान्दे’ हे एकच विशेषण पुरतं, फरक बैठकीचा. ‘पेस ग्रान्दे’ म्हणजे आकाराने मोठा मासा. ‘ग्रान पेस’ म्हणजे थोर मासा. आधी बसलं की ‘ग्रान्दे’चं ‘ग्रान’ होतं, एक अक्षर झडतं आणि अर्थ उंचावतो. पहिल्या दिवशी दोरीला ओढ बसते तेव्हा म्हाताऱ्याला तो दिसतही नाही, फक्त वजन कळतं. तेव्हा तो ‘पेस ग्रान्दे’. दोन दिवसांच्या झुंजीनंतर म्हातारा त्याला भाऊ मानू लागतो, तेव्हा तो ‘ग्रान पेस’ झालेला असतो. बेसबॉलपटू डिमॅजिओविषयी म्हाताऱ्याला जी भक्ती आहे, तीही ‘ग्रान’ला आधी बसवूनच व्यक्त होते. एका खेळाडूला आणि एका माशाला एकाच आसनावर बसवण्याची सोय या भाषेत तयार आहे.

इथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट. स्पॅनिशमध्ये पाण्यातला जिवंत मासा ‘पेस’ आणि पकडलेला, खाण्याचा मासा ‘पेस्कादो’. ‘पेस्कादो’ हे मुळात ‘धरलेला’ अशा अर्थाचं धातुसाधित विशेषण. आपण ‘मासा’ आणि ‘मासळी’ यांत असाच काहीसा भेद करतो. कथेतला मार्लिन पकडला जातो, मारला जातो, होडीला बांधला जातो, पण बाजारात कधीच पोचत नाही. किनाऱ्यावर उरतो तो सांगाडा. म्हणजे अखेरपर्यंत तो ‘पेस्कादो’ होत नाही. म्हाताऱ्याने त्याला जिंकलं, पण मासळी केलं नाही. इंग्रजीत ‘फिश’ या एकाच शब्दात हा भेद दडून राहतो. स्पॅनिश वाचकाला तो दोन शब्दांतच दिसतो.

विशेषणाला जोडणारं क्रियापदही स्पॅनिशमध्ये दोन प्रकारचं. ‘सेर’ हे मूळ स्वभाव, ओळख सांगतं. ‘एस्तार’ स्थिती सांगतं. ‘एस बिएहो’ म्हणजे तो म्हातारा आहे. ‘एस्ता बिएहो’ म्हणजे तो म्हातारा झालाय, थकलेला दिसतोय. पुष्कळ दिवसांनी भेटलेला माणूस दुसरं वाक्य म्हणेल. आपण ‘आहे’ आणि ‘झालाय’ यांनी हा भेद सांगतो.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. मानोलिनच्या आईबापांनी पोराला म्हाताऱ्याच्या होडीवरून काढून घेतलं, कारण त्यांच्या मते म्हातारा ‘सालाओ’ झाला होता. हेमिंग्वेने हा शब्द इंग्रजी मजकुरात तसाच ठेवला आणि कमालीचा कमनशिबी असा त्याचा अर्थ दिला. मूळ शब्द ‘सालादो’, म्हणजे खारट, मीठ लागलेला. बोलताना मधला ‘द’ गळतो. स्पेनमध्ये, विशेषतः दक्षिणेत, एखाद्याला ‘एस सालादो’ म्हटलं तर तो मोठा गमत्या, लाघवी माणूस असा गौरव होतो. क्युबात आणि अमेरिकेतल्या अनेक देशांत ‘एस्ता सालादो’ म्हटलं तर त्याला ग्रह लागलेत, तो पांढऱ्या पायाचा ठरलाय. आमटी ‘एस्ता सालादा’ असेल तर मीठ जास्त झालं आहे. विशेषण एकच, पण देश आणि क्रियापद बदललं की गौरवाचा शाप होतो.

आणि इथेच मला या भाषेची करुणा दिसते. सान्तियागो ‘एस बिएहो’, त्याचं वय ही त्याची ओळख आहे, ती बदलणार नाही. पण तो ‘एस्ता सालाओ’. दुर्दैव ही स्थिती आहे, स्वभाव नाही. आईबापांनी तिच्यावर कायमचा शिक्का मारला असला, तरी ती सांगायला त्यांना स्थितीचंच क्रियापद लागतं. आज आहे, उद्या नसेल. म्हातारा पंच्याऐंशीव्या दिवशी पुन्हा होडी लोटतो, ती याच विश्वासावर.

राहिला समुद्र. स्पॅनिशमध्ये ‘मार’ दोन्ही लिंगी चालतो. नकाशावर तो पुल्लिंगी : ‘एल मार कारिबे’. ज्यांचं पोट त्याच्यावर, त्यांच्या बोलण्यात तो स्त्रीलिंगी : खोल समुद्र तो ‘आल्ता मार’, खवळलेला तो ‘मार ग्रुएसा’, आणि होडी लोटणं म्हणजे ‘आसेर्से आ ला मार’. लिंग बदललं की शेजारच्या विशेषणाचा शेवटही बदलतो, म्हणून ही निवड एका उपपदावर थांबत नाही. हेमिंग्वेला हे ठाऊक होतं. म्हातारा समुद्राला नेहमी ‘ला मार’ म्हणतो, माया असलेले लोक तसंच म्हणतात, आणि मोटरबोटी घेतलेले तरुण कोळी ‘एल मार’ म्हणतात, त्याला प्रतिस्पर्धी समजतात, असं त्याने कथेत मुद्दाम समजावलं आहे. इंग्रजीला लिंग नाही, म्हणून त्याला परिच्छेद खर्चावा लागला. स्पॅनिशमध्ये हा भेद दोन छोट्या उपपदांत मावतो.

मग शीर्षकात ‘ला मार’ का नाही? काही वाचकांना इथे अनुवादकाने संधी दवडली असं वाटू शकेल. मला तसं वाटत नाही. शीर्षक हे बाहेरून म्हटलेलं असतं. मुखपृष्ठावरच समुद्र ‘ला’ झाला असता, तर म्हाताऱ्याचं सर्वांत खासगी नातं वाचकाला दारातच कळलं असतं. ‘एल बिएहो इ एल मार’ हे जगाचं बोलणं आहे : इकडे एक म्हातारा, तिकडे समुद्र, दोघांना सारखंच ‘एल’, समोरासमोर. आत गेल्यावर कळतं, की म्हाताऱ्याच्या मनात हा समुद्र ‘एल’ नाहीच. जगाची भाषा आणि म्हाताऱ्याची भाषा यांतलं हे अंतर शीर्षकाने जपलं, म्हणून आतली ‘ला मार’ काळजाला भिडते.

मराठीत याच पुस्तकाला पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ हे नाव दिलं. त्यांनी वय सांगणारं विशेषणही टाकलं आणि समुद्रही. जुन्या शालेय कवितेतला पुन्हा पुन्हा पडून चढणारा कोळी त्यांनी दर्यावरच्या कोळ्याच्या पाठीशी उभा केला. मराठीत एकाच शब्दात जाळं विणणारा जीव आणि दर्यावर्दी दोघेही आहेत, हे त्यांनी ओळखलं. स्पॅनिशने वयातून माणूस घडवला, मराठीने जिद्दीतून. दोन्ही नावं शब्दशः भाषांतराच्या वाटेला गेली नाहीत आणि दोन्ही मूळ पुस्तकाशी इमानी राहिली.

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. आपण ही भाषा बहुतेक इंग्रजीतून शिकतो, आणि इंग्रजी ‘ओल्ड’, ‘हॉट’, ‘ग्रेट’ यांच्या पुढे कोशातल्या विशेषणांची रांग पाहून गांगरतो. त्या वेळी इंग्रजी शब्द क्षणभर बाजूला ठेवा आणि मराठीत विचारा : हे म्हातारं आहे, जुनं आहे, प्राचीन आहे, की मुरलेलं आहे? पाणी गरम आहे, हवा उष्ण आहे, की रस्सा तिखट आहे? स्पॅनिशमध्येही ‘कालिएन्ते’, ‘कालुरोसो’ आणि ‘पिकान्ते’ अशी तशीच वाटणी तुमची वाट पाहत असेल. प्रत्येक शब्द जुळेल असं नाही, ‘बिएहो’सारखा एखादा दोन खणांत पाय ठेवून उभा राहील. मग हे विशेषण कोणत्या नामाशेजारी बसतं, त्याच्या पुढे की मागे, ‘सेर’शी की ‘एस्तार’शी, आणि ते कोण कोणाच्या तोंडावर म्हणू शकतं, एवढे प्रश्न विचारा. सान्तियागोला तोंडावर म्हणता येईल आणि त्याच्या फाटक्या शिडालाही लागू पडेल, असं विशेषण स्पॅनिशमध्ये ‘बिएहो’ हे एकच होतं. नोबास काल्बोच्या अनुवादाने तेच निवडलं, आणि ते बरोबर होतं.